तीन बोटांची पाचर

यंदा पहिले पिंप रिकामे ठेवावे लागले होते. त्याचा खालचा लोखंडी पट्टा गंजून पापुद्रे सुटू लागले होते, आणि तो बदलण्यासाठी बोलावलेला पिंपवाला दोन आठवडे ‘आज येतो, उद्या येतो’ करत नेमका वाइनच्या वार्षिक मोजणीच्या आदल्या दिवशी सकाळी उगवला. उरलेली पाच पिंपे भरलेली होती. डोंगराच्या पोटात खोदलेल्या त्या तळघरात ती माणसाच्या खांद्याइतकी उंच पिंपे एका ओळीत उभी असत. वर उतारावर पायरीपायरीने चढत गेलेल्या द्राक्षवेलींचे त्या वर्षीचे सगळे श्रम त्यांच्या पोटात आंबून आता निवत चालले होते.

पिंपवाल्याने पहारीने रिकामे पिंप किंचित कलते केले, खाली हात घातला आणि एक लाकडी तुकडा बाहेर काढला.

“घ्या थोरले. चाळीस वर्षं बिचारी पाचर तुमच्या पिंपाचा भार सोसतेय. तिला पेन्शन तरी बांधून द्या.”

घरात, मळ्यात आणि समोरच्या उतारावरही त्यांना सगळे ‘थोरले’च म्हणत, पाठ फिरली की ‘फूटपट्टी’. तंत्रशाळेत शिकून आलेले या डोंगरावरचे ते पहिलेच. दुसऱ्या नावाची त्यांना कल्पना होती, आणि मनातून त्याचा थोडा अभिमानही होता.

त्यांनी तुकडा उजेडाकडे धरला. तीन बोटे लांब, दोन बोटे रुंद, काळसर घट्ट लाकूड. एका टोकाचा कोपरा कुजलेला, आणि त्याच टोकाला तापल्या सळईने डागलेले एक लहान वर्तुळ. दुसऱ्या टोकाला करवतीचा काप होता. त्यावरचे ओरखडे इतके बारीक आणि इतके एकसारखे होते, की तो काप कुणाचा हे थोरल्यांना विचारावे लागले नाही. तसे कापणारा हात या उतारावर एकच होता, आणि तो आत्ता तोच तुकडा धरून उभा होता.

“काय झालं? विंचू आहे का त्यात?” पिंपवाल्याने विचारले.

भिंतीवरच्या दोन खुंट्यांवर आडवी ठेवलेली मोजकाठी थोरल्यांनी उतरवली. तिच्या खालच्या टोकाला पितळी टोपी होती, चार बारीक खिळ्यांनी बसवलेली. पिंपवाल्याच्या पेटीतला पेचकस मागून घेऊन त्यांनी टोपी उचकटली. आतल्या लाकडाचा काप त्यांनी तुकड्याच्या कापाला लावला. लाकडाचे रेषे या बाजूने त्या बाजूला सरळ गेले. मधे केसही जाणार नाही असा सांधा बसला.

ते खालच्या पायरीवर बसले. खिशातला रुमाल काढून त्यांनी त्याची घडी उलगडली, पुन्हा नीट घातली आणि परत ठेवली.

ती काठी थोरल्यांच्या आजोबांनी केलेली; टोकाला डागलेले वर्तुळ ही त्यांचीच खूण. तिच्यावर चाळीस खाचा होत्या. एक खाच म्हणजे एक मोठी बादली वाइन. झाकणातल्या भोकातून काठी पिंपाच्या तळापर्यंत सोडायची, वर ओढायची, आणि जिथपर्यंत ओली झाली तिथली खाच वाचायची. फक्त खालचा वीतभर भाग कोरा होता. तिथे एकही खाच नव्हती, कारण पिंपाच्या तळाशी साका बसतो, तोटी त्याच्या वर असते, आणि जे तोटीतून बाहेर यायचे नाही ते आजोबांनी मोजायचेच नाही असे ठरवले होते.

तंत्रशाळेतून नुकताच परतलेला, चोवीस वर्षांचा थोरला ती काठी पाहून अस्वस्थ झाला होता. टोकाचा कोपरा कुजला होता. त्याने एका दुपारी तीन बोटे कापून काढली, टोकाच्या कडा घासल्या, पितळी पत्र्याची टोपी बसवली आणि काठी लखलखीत करून खुंटीवर ठेवली. कापलेल्या भागावर खाच नव्हती, म्हणून मोजमापाला धक्का लागला नाही असे त्याने धरले. धरले हेही खरे नाही. त्याच्या मनात तो प्रश्न उभाच राहिला नाही. तुकडा फुकट जाऊ नये म्हणून त्याने तो पहिल्या पिंपाखाली, जिथे जमीन किंचित उतरती होती तिथे, स्वतःच्या हाताने सारला. मग पिंपावर पाणसळ ठेवून पाहिली. बुडबुडा अगदी मध्यावर आला होता.

काठी तीन बोटे आखूड झाली की सगळ्या खाचा तीन बोटे खाली उतरतात. पिंपात छत्तीस बादल्या असतील तर काठी अडतीस दाखवते. हे समजायला तंत्रशाळा लागत नाही. हे समजायला काहीच लागत नाही, फक्त काठीकडे एकदा संशयाने पाहावे लागते.

त्याच वर्षी मोजणीनंतर दोन महिन्यांनी पिंपे बादलीबादलीने रिकामी केली, तेव्हा प्रत्येक पिंपात दोन बादल्या कमी भरल्या. थोरल्याने फळ्या तपासल्या, तोट्या तपासल्या, झाकणे तपासली. गळती नव्हती. त्या दोन महिन्यांत तळघराची किल्ली धाकट्या भावाकडे होती. धाकटा मित्रांत रमणारा, हसतमुख, घरी उशिरा येणारा. सहाही पिंपांतून सारखीच वाइन गेली होती, यावरून थोरल्याने वडिलांना सगळ्या मजुरांसमोर सांगितले होते, “चोरसुद्धा याच घरात वाढलाय. माप चुकू दिलं नाही.” लोक हसले होते. थोरल्याने भावाच्या हातातून किल्ली काढून घेतली. धाकटा वडिलांकडे पाहत राहिला. वडील, ज्यांना सगळे नाना म्हणत, जमिनीकडे पाहत राहिले. आठवड्याभरात धाकट्याने घर सोडले. तो दरीपलीकडच्या उतारावर राहायला गेला आणि द्राक्षाची कलमे बांधून विकू लागला. एकेचाळीस वर्षे झाली. इथल्या ओट्यावरून त्याच्या घराचे पत्र्याचे छप्पर दिसे. थोरल्यांनी त्या बाजूला खुर्ची कधी टाकली नव्हती.

“अस्सं,” पिंपवाला म्हणाला. वय झाले तरी त्याची नजर शाबूत होती. जोडलेली काठी पाहून जे समजायचे ते तो समजला होता. तो पहार भिंतीला टेकवून थोरल्यांच्या शेजारी बसला.

“एक सांगू का थोरले? सांगावं की नाही कळत नाही.”

“सांग.”

“त्या हिवाळ्यात नाना माझी मोजायची टेप मागून घेऊन गेले होते. दोन दिवसांनी परत केली. मी म्हटलं, घरात एवढा शिकलेला मुलगा, आणि तुमच्याकडे टेप नाही? तर म्हणाले, आहे, पण त्याला कळू द्यायचं नाही. मी म्हटलं, असेल काहीतरी बापलेकांचं.”

थोरल्यांनी मान वर केली. समोर, दुसऱ्या आणि तिसऱ्या पिंपांच्या मधे, काचेच्या चौकटीतला तो फलक टांगलेला होता. त्यांनीच आपल्या सुबक अक्षरांत लिहिलेला. मळा पाहायला येणारे पाहुणे त्याच्यासमोर थांबत आणि फोटो काढत. ‘तळघराचा वाटा’ हे त्याचे शीर्षक. मोजणीत जो आकडा येईल त्यातून दोन खाचा वजा करायच्या. त्या दोन खाचा लाकडाच्या, हवेच्या, तळघराच्या, अशी या घराची परंपरा. खाली लाकडाच्या सच्छिद्रतेचे कोष्टक.

ही परंपरा नानांनी सुरू केली होती, धाकटा गेला त्याच्या पुढच्या वर्षी. “यंदापासून दोन कमी पुकारायच्या,” एवढेच ते म्हणाले होते. “तळघराला ठेवायच्या.” आणि त्या वर्षीपासून आकडे चोख जुळू लागले. थोरल्याने त्याचा अर्थ लावला होता की म्हातारा धाकट्याच्या नावाने दोन खाचा सोडतो आहे; लाकडाचे कारण त्याने पुढे फलक लिहिताना जोडले. आकडे जुळतात याचा अर्थ तर त्याने फार सोपा लावला होता: चोर गेला, चोरी थांबली.

आता त्यांनी आपली तीन बोटे काठीच्या खाचांवर ठेवली. पहिली खाच तर्जनीच्या कडेला आली आणि तिसरी अनामिकेच्या कडेला. मधे बरोबर दोन खाचांचे अंतर.

नानांनी टेप लावून पाहिली होती. नानांना कळले होते. आणि नानांनी चूक दुरुस्त करण्याऐवजी तिला परंपरेचे नाव दिले होते, कारण एक मुलगा हातचा गेलाच होता आणि दुसऱ्याला, ज्याच्या हाती मळा द्यायचा, मजुरांसमोर उघडे पाडायचे नव्हते. त्यानंतर बावीस वर्षे नाना या घरात थोरल्यांबरोबर एकाच टेबलाशी जेवले, आणि याबद्दल एका शब्दाने बोलले नाहीत.

थोरल्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली.

“माझं म्हणाल तर,” पिंपवाला हळूच म्हणाला, “माझं तोंड म्हणजे बूच मारलेलं पिंप. ही पाचर परत खाली सारतो. पिंपही सरळ राहील, बाकी सगळंही.”

थोरल्यांनी तुकडा मुठीत घट्ट धरला. “नको.”

तेवढ्यात मुलगी जेवायला बोलवायला खाली आली. मळ्याचा सगळा कारभार आता तीच पाहत असे. वडिलांकडे तिने फक्त मोजणी आणि फलक एवढेच ठेवले होते.

“बाबा, असे का बसलात? चक्कर आली का?”

त्यांनी तिला सांगितले. क्रमाने सांगितले, जसे ते सगळेच सांगत: आधी काठी, मग काप, मग खाचा, मग टेप. ती ऐकता ऐकता पिंपाला पाठ लावून उभी राहिली.

“म्हणजे काका...”

“त्याने एक थेंबही घेतला नव्हता.”

मुलगी फलकाकडे वळली. “मी रोज वाचून दाखवते हे पाहुण्यांना,” ती म्हणाली. “अगदी रंगवून. नानाआजोबांची आठवण म्हणून.” मग तिने विचारले, “काकांना सांगणार?”

“आत्ताच जातो.”

“जेवून तरी जा.”

पण त्यांनी जेवणाचे ताट पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी स्वच्छ सदरा घातला, काठी पोत्यात गुंडाळली आणि दरीतल्या रस्त्याने पायी निघाले. गाडीने दहा मिनिटे लागली असती. त्यांना दहा मिनिटांत पोहोचायचे नव्हते.

धाकटा छपराखाली बाकाशी बसला होता. पुढे कलमांच्या काड्यांची जुडी, हातात पातळ चाकू, ओठांत बांधायच्या पट्टीचे टोक. बासष्टाव्या वर्षीही त्याचे केस दाट होते. भावाकडे पाहून त्याने पट्टी ओठांतून काढली. लग्नकार्य आणि अंत्यविधी सोडले तर ते दोघे समोरासमोर आले नव्हते, आणि आलेच तरी हवापाण्याच्या पुढे गेले नव्हते.

“ये दादा. काठी घेऊन आलास, म्हणजे मारायला आलास की मोजायला?”

थोरले उभेच राहिले. त्यांनी पोते सोडले, काठी बाकावर ठेवली आणि तिच्या टोकाशी तुकडा जुळवला. वाटेत वाक्ये जुळवून ठेवली होती, त्यांतले एकही सापडेना.

“ही मी कापली,” ते म्हणाले. “तीन बोटं. त्याच वर्षी. चोरी झालीच नव्हती. मी चुकीचं मोजत होतो.”

धाकट्याने काठीकडे पाहिले. त्याने सांध्यावरून अंगठा फिरवला, जसा कलम बसले की नाही ते पाहताना फिरवत असे. मग त्याने हातातली काडी उचलली आणि पट्टी गुंडाळायला सुरुवात केली.

“आठ वर्षं लागली तुला,” तो म्हणाला.

“आठ? एकेचाळीस झाली.”

“मी माझ्यापासून मोजतोय. तुझ्या मुलीच्या लग्नात मी तळघरात उतरलो होतो. सगळे वर नाचत होते. तुझा तो फलक वाचला. लाकूड दोन खाचा पितं म्हणे.” त्याने गाठ मारली. “मग त्या वर्षी लाकडाचा उपास होता का, दादा?”

थोरले बाकाच्या टोकाला बसले. फलक त्यांनी स्वतः लिहिला होता. कोष्टक स्वतः मांडले होते. दर वर्षी दोन खाचा जात असतील तर त्या वर्षीही गेल्या असणार, हे त्या फलकावर, त्यांच्याच अक्षरांत, सगळ्या जगाला वाचता येईल असे लटकत होते. शेकडो पाहुण्यांनी ते वाचले होते. त्यांनी स्वतः सोडून.

“काठीचं मला माहीत नव्हतं,” धाकटा म्हणाला. “पण दोन खाचा म्हटल्यावर कळलं. काहीतरी मोजण्यातलं आहे, आणि नानांना ते सापडलं होतं.”

“त्यांनी टेप लावली होती.”

“लावली असणार.” चाकू थांबला. “एकदा इथे आले होते. याच बाकावर बसले. पाच कलमं घेतली. तुमच्याकडे तेव्हा हजार वेली होत्या, पाच कलमं कशाला लागतात? पण घेतली. मग नुसते बसून राहिले. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. मला वाटलं म्हातारा चढ चढून दमलाय. मी पाणी दिलं.”



“आठ वर्षांपूर्वीच बोलला का नाहीस?” थोरल्यांनी विचारले.

“काय बोलणार? माझी चोरी तू शोधून काढलीस, आता तुझी चूकही मीच शोधून देऊ? म्हटलं, माणूस एवढा मोजतो, एक ना एक दिवस काठीही मोजेल.”

थोरल्यांनी मान खाली घातली. “मी काय करू ते सांग. काठी आजच जोडतो. उद्या मोजणी आहे.”

“जोडू नकोस.”

“का?”

“जोडलीस की बरोबर मोजेल. मग दोन वजा करायला नकोत, आणि वजा का करत होता ते कुणी विचारणार नाही. सगळं गुळगुळीत. तुला गुळगुळीत फार आवडतं.” धाकट्याने तुकडा उचलला आणि आपल्या ॲप्रनच्या खिशात टाकला. “काठी अशीच राहू दे. फलक काढ. आणि उद्या पुकारशील तेव्हा दोन खाचा कशाच्या आहेत ते सांग. ज्यांच्यासमोर माझ्या हातातून किल्ली घेतलीस, त्यांतले पाचसहा जण अजून हिंडतेफिरते आहेत. त्यांना बोलाव.”

“बोलावतो. तू येशील?”

“बघू,” धाकटा म्हणाला. “कलमं बांधायची आहेत.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तळघर भरून गेले. दर वर्षीची माणसे होती, आणि त्यांच्याशिवाय सहा म्हातारी माणसेही होती, ज्यांना आपल्याला का बोलावले ते कळत नव्हते. फलक उतरवला होता. भिंतीवर त्याच्या जागी फिक्कट चौकोन उरला होता.

मोजणीचा एक नियम आजोबांच्या वेळेपासून होता. थोरला मोजून आकडा पुकारणार, धाकटा पायरीवरून तोच आकडा मोठ्याने परत सांगणार, आणि दुसऱ्या तोंडातून आकडा ऐकल्याशिवाय पिंपावर खडू चालवायचा नाही. एकेचाळीस वर्षे थोरलेच पुकारत आणि थोरलेच, आवाज थोडा बदलून, परत सांगत. लोकांना त्याची सवय झाली होती.

मोजण्याआधी थोरल्यांनी सांगितले. त्यांनी काठी वर धरली, टोक दाखवले, आणि काप कुणी घातला, त्यामुळे काय झाले आणि किल्ली कुणाच्या हातातून घेतली गेली, हे कुठेही आवाज न चढवता आणि काहीही न गाळता सांगितले. नानांना ठाऊक होते, हेही सांगितले. वर्षानुवर्षे घड तोडायला येणारी एक म्हातारी बाई पुढे बसली होती. ती म्हणाली, “मग आम्ही एवढी वर्षं त्याच्याशी बोललो नाही, ते?”

पिंपवाल्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

थोरले दुसऱ्या पिंपाशी लावलेल्या घडवंचीवर चढले. काठी भोकातून तळापर्यंत सोडली, वर ओढली, चष्मा सारखा केला.

“एकोणचाळीस,” त्यांनी पुकारले. “वजा माझ्या चुकीच्या दोन. सदतीस.”

मुलगी खडू घेऊन उभी होती. थोरल्यांनी आकडा परत सांगितला नाही. ते थांबले. एवढ्या माणसांत तोटीवरून टपकणारा थेंब ऐकू येत होता. पुढच्या एकदोघांनी एकमेकांकडे पाहिले. थोरले तसेच थांबले.

“काठी तिरकी धरलीस.”

आवाज मागून, सगळ्यांत वरच्या पायरीवरून आला होता. लोकांनी माना वळवल्या. तिथे ॲप्रन घातलेला माणूस दाराच्या चौकटीला खांदा लावून उभा होता. त्याच्या मागे दुपारचा प्रकाश होता, म्हणून चेहरा दिसत नव्हता.

थोरल्यांनी काठी पुन्हा आत सोडली. या वेळी सरळ, दोन्ही हातांनी, तळाला टेकल्याचे कळेपर्यंत. वर ओढली. खाच दोनदा वाचली.

“अडतीस,” ते म्हणाले. “वजा दोन. छत्तीस.”



“छत्तीस,” वरून आवाज आला. मुलीने पिंपावर खडू टेकवला. “पुढचं मोज,” धाकटा पायरीवरून म्हणाला.